पेज फॉल्ट घेऊन कोल्हापूरला

कोल्हापूरला माणसं देवीला जातात, चपला आणायला जातात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी जातात. मी गेलो तो एका बाईंची बोलणी खायला. आधी सहा वेळा ती पत्रातून खाऊन झाली होती. सातव्या खेपेला बाईंनी घरीच बोलावलं.

बोलणी कशाबद्दल, हे सांगायला मला नेहमीच जड जातं. आमची आई नागपूरला शेजाऱ्यांना सांगते, की निखिल पुण्यात कॉम्प्युटरच्या चुका लवकर करून देतो. तिचं फारसं चुकत नाही. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला वाटत असतं, की आपल्याला भरपूर मेमरी मिळालेली आहे. खरं तर त्याला नुसता शब्द दिलेला असतो. तो मेमरीच्या एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लावतो, तेव्हा ते पान जागेवर नसतंच. मग प्रोसेसर थबकतो आणि कर्नेलला, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमच्या खाली बसून कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीला, हाक मारतो. कर्नेल पान शोधून आणून ठेवतं, आणि प्रोग्रॅम काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो. या थबकण्याला पेज फॉल्ट म्हणतात. नाव फॉल्ट, पण दोष कुणाचाच नाही. असं थबकणं सारखं चालू असतं. ते दर वेळी थोडं लवकर उरकावं म्हणून मी आठ महिने खपत होतो.

उशीर व्हायचा तो कुलपापायी. पान आणेपर्यंत कर्नेल त्या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या नकाशाला कुलूप लावून ठेवतं, मध्येच कुणी नकाशा बदलू नये म्हणून. मोठ्या यंत्रांवर अनेक कामं एकाच वेळी त्या कुलपापाशी ताटकळत बसतात. माझा उपाय असा, की कुलूप लावायचंच नाही. काम करून टाकायचं आणि शेवटी बघायचं, मधल्या वेळात नकाशा बदलला का. नसेल बदलला तर उत्तम. बदलला असेल तर केलेलं सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात. आमच्या कंपनीतल्या मोठ्या यंत्रांवर याचा असा काही झपाटा दिसला, की साहेबांनी माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली. एरवी ते एकदाही मारत नाहीत.

पण हे कर्नेल आमच्या कंपनीचं नाही, ते जगभरच्या लोकांनी मिळून सांभाळलेलं आहे. त्यात बदल घुसवायचा तर तो सर्वांच्या टपालयादीवर पाठवावा लागतो, आणि त्या त्या भागाचे जाणकार तो वाचून पास-नापास करतात. आमच्या भागाच्या जाणकार म्हणजे सुनंदा चौगुले. कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. तीन ओळींपेक्षा लांब पत्र त्यांनी कुणाला लिहिल्याचं ऐकिवात नाही. माझ्या सहा आवृत्त्या त्यांनी एकूण अकरा ओळींत परत पाठवल्या होत्या. सातवीवर लिहिलं, "माझ्याकडे अडकतंय." मी उलट तीन पडदे भरून आलेख पाठवले. त्यावर उत्तर आलं, "आलेख बघितले. आता तुम्ही येऊन बघा." खाली घरचा पत्ता.

येत्या रविवारी कर्नेलच्या पुढच्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. तोवर माझा बदल आत गेला नाही, तर आमचा गट सोमवारपासून दुसऱ्या कामाला लागेल, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी मी पुण्याहून बस पकडली.

मंगळवार, राजारामपुरी

दार उघडलं ते बाईंच्या यजमानांनी. त्यांचं नाव भूपाल, पण सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. शेतीला लागणाऱ्या पाइपांचं त्यांचं दुकान आहे. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"पावणं, या की. सातव्या आवृत्तीवालं तुमीच न्हवं?"

या घरात माणसं आवृत्तीच्या आकड्यानं ओळखतात, हे माझ्या ध्यानात आलं. आत जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मटारचा ढीग आणि दुसऱ्या टोकाला उघडाबोडका संगणक होता. मध्ये बसून बाई मटार सोलत होत्या. ठेंगणी मूर्ती, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी शेंगांकडेच बघत सांगितलं, की आधी जेवून घ्या, मग बोलू.

तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. माझा बेत असा होता, की आठ-नऊच्या सुमारास सटकायचं आणि कुठेतरी रस्सा ओरपून यायचं. पण चौगुल्यांचं घर जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकलेली असतात, आणि कांदा, लसूण, बटाटा घरात येत नाही. आमच्याकडे नागपूरला सूर्य मावळला की मग आज काय करायचं याचा विचार सुरू होतो. कोल्हापुरात पहिलंच जेवण, तेही दिवसाउजेडी आणि कांद्याविना, असं करणारा मी बहुधा नागपुरी सावजी रश्श्याचा पहिला भक्त. मनातल्या मनात मी स्वतःची कीव केली आणि पाटावर बसलो.

कीव पहिल्या घासापर्यंतच टिकली. ज्वारीची पातळ भाकरी, हुलग्याची आमटी, मटारची उसळ, वर दाण्याची झणझणीत चटणी आणि सुरीनं कापावं लागेल असं दही. आग्रहाची तऱ्हाही वेगळी. आमच्याकडे "घ्या ना जी, थोडंसं घ्या" असं चार वेळा विनवतात. इथे अण्णा विचारतच नव्हते. माझं लक्ष आमटीकडे गेलं की भाकरी ताटात पडलेली असायची. पाचव्या भाकरीला मी ताटावर आडवा हात धरला, तर ते म्हणाले, हात काढा, भाजंल.

जेवणानंतर बाईंनी टेबलावरचा संगणक सुरू केला. डब्याएवढं ते यंत्र, अगदी थोडी मेमरी आणि डिस्कच्या जागी एक संथ मेमरी कार्ड. त्यांच्या माहेरच्या गावी दूध संस्थेत असंच जुळं यंत्र आहे, आणि अडकणं तिथे दिसलं होतं. माझ्या बदलाचं कर्नेल आम्ही घरच्या यंत्रावर तासभर चालवलं. एकदाही अडकलं नाही. मला आनंद झाला, आणि तो मी लपवला असं मला म्हणता येणार नाही. बाईंनी मटारच्या साली गोळा केल्या.

"हितं अडकत न्हाय, कारण हितं मी एकटी हाय," त्या म्हणाल्या. "उद्या पाचला उठा. गावाकडं जायचंय."

बुधवार, मुरगूडच्या पुढे

बाईंचं माहेर मुरगूड ओलांडून पुढे, वेदगंगेच्या काठच्या एका लहान गावात. पहाटे धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या उसाच्या ट्रॉल्या अण्णांना आधी गाण्यांवरून कळायच्या, मग दिसायच्या. प्रत्येक ट्रॅक्टरवर मोठ्यांदा गाणं, आणि ते दुसऱ्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळं. उजाडताना धुकं वर सरकलं आणि दोन्ही बाजूंना नुसता हिरवा ऊस. एका वळणावर गुऱ्हाळ दिसलं. फोटो काढावा म्हणून मी दोन सऱ्यांच्या मधून आत शिरलो. संत्र्याच्या बागेत शिरणाऱ्याला सावली मिळते. उसात शिरणाऱ्याला काय मिळतं, ते पुढे तीन दिवस माझ्या कानावर आणि मानेवर दिसत होतं. फोटो मात्र धुक्याचाच आला.

दूध संस्था म्हणजे एक खोली, तिला एक मोठी खिडकी, खिडकीशी वजनकाटा. काट्यावर किटली ठेवायची, दुधाचा नमुना फॅटच्या यंत्रात घालायचा, दोन्ही आकडे आतल्या डब्यात जातात आणि छापील चिठ्ठी बाहेर येते. कारभार सर्जेराव खराडे यांचा. ते संस्थेचे सचिव, पंचावन्नच्या आसपासचे, कानाला घट्ट मफलर. गावच्या नात्यानं ते बाईंना अक्का म्हणतात, आणि अक्काचं नवीन कर्नेल आपल्या यंत्रावर चालवून बघायला ते आणि त्यांची संस्था कधीपासून राजी आहेत. काही बिनसलं तर यंत्र बंद करून चालू केलं की जुनं कर्नेल दोन मिनिटांत परत येतं. सर्जेरावांची अट एवढीच, की लिहिणाऱ्यानं एकदा तरी समोर येऊन उभं राहावं. आजवर कुणी आलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरून मला यंत्राशेजारच्या खुर्चीत बसवलं. जामीन म्हणून बसवलं, असं मला वाटत राहिलं.

माझं कर्नेल चढवलं, आणि पहिली दहा-बारा माणसं सुरळीत झाली. चिठ्ठ्या भराभर निघत होत्या. मी बाईंकडे एकदा सहज बघितलं. त्या बाहेर कुणाच्या तरी सुनेची चौकशी करत होत्या. मग उजाडलं, गर्दी वाढली, आणि एक चिठ्ठी अर्धी बाहेर येऊन थांबली. काट्यावरचा आकडाही थांबला. पाच सेकंद गेले, दहा गेले. सर्जेरावांनी डब्याच्या डोक्यावर टप्पल मारली. चिठ्ठीचा उरलेला अर्धा भाग आला, पुढचीला पुन्हा तेच. रांग खिडकीपासून पिंपळापर्यंत गेली.

रांगेतली एक म्हातारी किटली खाली ठेवून म्हणाली, "म्हशीनं येळंवर दिलं, आता ह्यो डबा दीना."

सर्जेरावांनी मला विचारलं, की पावणं, ह्येला झालंय काय? मी म्हणालो, जरा विचार करतंय.

"इचार कसला? अडीच लिटर म्हनून लिवायचं हाय न्हवं?"

आठ महिने मी सेकंदाच्या लाखाव्या भागासाठी झटत होतो, आणि इथे एका चिठ्ठीला पंधरा सेकंद लागत होते. सर्जेरावांनी न चिडता यंत्र बंद करून चालू केलं, जुनं कर्नेल आलं, आणि अर्ध्या तासात रांग संपली. मग त्यांनी एक पितळी तांब्या माझ्यापुढे धरला. आत नुकतंच काढलेलं म्हशीचं दूध, फेसासकट. एवढ्या लोकांना ताटकळत ठेवल्यावर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. पुण्यात मी चहातसुद्धा दोन चमचे घालतो. तांब्या रिकामा केला.

बाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. माझंच पत्र त्यांनी छापून आणलं होतं, आणि एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती. ओळ अशी होती, की लहान यंत्रांवर या बदलाचा काहीही परिणाम नाही.

"कुठल्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, म्हणजे?

"कुठल्या लहान यंत्रावर बघितलंत?"

कुठल्याच नाही. लहान यंत्र आमच्याकडे नव्हतंच. मोठ्यावर चांगलं चालतंय, तर लहानावर गर्दीच नसल्यामुळे काही बिघडायचं कारण नाही, असा मी मनाशी हिशोब केला होता, आणि तो लिहिताना "असं वाटतं" एवढे दोन शब्द गाळले होते. सातही आवृत्त्यांत ती ओळ तशीच राहिली होती. मी बाईंना तसं सांगितलं. सांगताना मी उसाच्या ट्रॉलीकडे बघत होतो. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, की संध्याकाळी पुन्हा दूध येतं, तेव्हा नीट बसून बघू.

संध्याकाळी आम्ही कर्नेल आत काय करतंय त्याची टिपणं साठवायची सोय लावली आणि माझं कर्नेल पुन्हा चढवलं. सर्जेरावांनी नवी अट घातली. चिठ्ठी अडकली की ती मी हातानं लिहून द्यायची. मी सव्वीस चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांतल्या नऊ परत आल्या, कारण माझा पाच आणि माझा सहा यांत गावाला फरक दिसेना. पण खिडकीत बसल्यामुळेच मला एक गोष्ट दिसली. पुण्यात मी चाचणी घेताना एक काम पुरतं संपवून दुसरं सुरू करत असे. इथे आधीच्या माणसाची चिठ्ठी निघायच्या आतच मागचा आपली किटली काट्यावर ठेवून मोकळा होत होता. सकाळी पहिल्या दहा-बारा जणांत घाई नव्हती, म्हणून काही अडकलं नव्हतं.

गुरुवार, राधानगरी

रात्रभरात दुधानं आपलं काम केलं. सकाळी मी टिपणं वाचत होतो आणि दर वीस मिनिटांनी उठून जात होतो. अण्णांनी ताक आणि भाजलेलं जिरं आणून ठेवलं. दहाच्या सुमारास चित्र स्पष्ट झालं. वजन वाचणारा भाग एका पानाला हात लावायचा. पान त्या संथ कार्डावरून यायला वेळ लागायचा. तेवढ्यात चिठ्ठी छापणारा भाग त्याच प्रोग्रॅमचा नकाशा बदलायचा. माझा कोड म्हणायचा, नकाशा बदलला, सगळं सोडा, पहिल्यापासून. मेमरी इतकी थोडी, की सोडलेलं ते पान तेवढ्यात दुसऱ्या कुणासाठी बाहेर फेकलं जायचं. मग तेच पान पुन्हा कार्डावरून. एक पान मी सात वेळा आणलेलं मोजलं. आठव्यांदा ते हाती लागलं, आणि एका माणसाची चिठ्ठी निघाली.

ती सातची ओळ मी इतक्या वेळा पुन्हा मोजली, की बाईंनी अण्णांना सांगितलं, ह्यांना जरा राधानगरीला फिरवून आणा.

हिवाळ्यात राधानगरीला पाऊस नसतो, पण जंगल अजून ओलसर वाटतं. भाताची कापणी झालेली, खाचरांत नुसते खुंट, त्यांत म्हशी निवांत. धरणाचं पाणी इतकं स्थिर, की पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा होता. तिथे पोचलो आणि फोनची रेंज गेली. नेमके त्याच दोन तासांत साहेबांचे पाच फोन येऊन गेले, हे नंतर कळलं. कुणी विचारलं तर मी त्याला अपघात म्हणतो.

बांधावर बसून मी अण्णांजवळ जरा कुरकुरलो. बाईंना सगळं माहीत होतं, तर पहिल्याच पत्रात सांगायचं होतं. आठ महिने वाचले असते. अण्णा कणीस सोलत होते. त्यांनी सावकाश एक गोष्ट सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी बाईंनी स्वतः मेमरीच्या कोडात एक लहानशी सुधारणा केली होती आणि खाली लिहिलं होतं, तपासून बघितलं. तपासलं नव्हतं, इतकी साधी गोष्ट तपासायची काय, असं त्यांना वाटलं. तेच कर्नेल गावच्या यंत्रावर गेलं आणि यंत्र दोन दिवस उठलंच नाही. सर्जेरावांनी दोन्ही दिवस गावाचं सगळं दूध हातानं मापलं, हातानं लिहिलं. बाईंना कळवलं ते तिसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर.

"काय बोललं असंल सर्जेराव?" अण्णांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं. "कायबी न्हाय बोललं. त्येनंच लई लागलं मॅडमला."

बायकोला मॅडम म्हणणारा हा माणूस मला त्या क्षणी फार आवडला. परतताना मी कुरकुरलो नाही.

शुक्रवार आणि शनिवार

दुरुस्ती लिहायला एक सकाळ पुरली. नकाशा बदललेला दिसला तरी आणलेलं पान हातचं सोडायचं नाही, धरून ठेवायचं. आणि दोनदा प्रयत्न फसला तर हुशारी पुरे, निमूटपणे जुनं कुलूप लावायचं. बाईंनी माझ्या शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचली. पत्रात तीन ओळी लिहिणाऱ्या या बाई समोरासमोर मात्र मनसोक्त बोलतात. एका ठिकाणी मी पान धरून ठेवलं होतं आणि एका वाटेनं ते सोडायलाच विसरलो होतो. ते त्यांनी दाखवलं, आणि भांडी घासायला घेऊन पाणी तसंच सोडून जाणाऱ्या सुनेला ऐकवावं तसं मला ऐकवलं. मी निमूट ऐकलं. चहा मिळाला.

संध्याकाळी पुन्हा गाव, पुन्हा खिडकी. या वेळी माझ्या हातात कोरी चिठ्ठी-पुस्तिका तयार होती. लोकांना बहुतेक बातमी लागली होती, कारण शेवटच्या अर्ध्या तासात एकाच वेळी तीन-तीन किटल्या काट्याशी येत होत्या. एकही चिठ्ठी अडकली नाही. सर्जेरावांनी माझ्याकडची पुस्तिका काढून खणात टाकली. शाबासकी म्हणून एवढंच. तांब्याही पुढे केला, तेव्हा अण्णांनी मध्ये पडून सांगितलं, की ह्येंच्या पोटाची मेमरी भरलीय.

शनिवारी सकाळी मी सुधारलेला बदल कोल्हापुरात बसूनच पुण्याच्या मोठ्या यंत्रावर चालवला. झपाटा पहिल्यासारखा राहिला नव्हता. जुन्या कर्नेलपेक्षा काम अजूनही लवकर होत होतं, पण ज्या आलेखावर साहेबांनी दोन थापा दिल्या होत्या, तो आता एका थापेचाच उरला होता. तो आकडा मी बाईंसमोर ठेवला. त्यांनी सांगितलं, की कोड आता बरोबर आहे.

"मग उद्या पाठवू?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगा. पाठवलंत तर मी अडवणार न्हाय."

मी आत जाऊन पत्र लिहायला बसलो. बदल काय, कशासाठी, मोठ्या यंत्रावर काय दिसलं, हे सगळं झरझर लिहून झालं. मग त्या ओळीपाशी आलो. लहान यंत्रांवर. कुठल्या? एका गावातलं एक यंत्र, एक संध्याकाळ. जगात असली किती लहान यंत्रं कुठे कुठे बसली असतील, आणि त्यांच्यापुढे कसल्या रांगा असतील, याची मला काही कल्पना नव्हती. पंधरा मिनिटं मी त्या ओळीशी झटापट केली. ती खरी लिहिली तर या रविवारी पाठवणं योग्य नाही, हे उघड होतं. गोल लिहिली असती तर चालून गेली असती, आणि बाईंनी शब्द दिला होता की त्या अडवणार नाहीत. तोच शब्द मला जड झाला.

शेवटी मी दोन ओळींचं पत्र टपालयादीवर पाठवलं. सातवी आवृत्ती मागे घेतो आहे. एका लहान यंत्रावर दोष सापडला, दुरुस्ती केली आहे, पण पुरेशी तपासलेली नाही.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, सोमवारी नऊला नव्या कामाची बैठक आहे. मी फोन ठेवून बाहेर आलो. आठ महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं वाटेल, असं मी ऐकलं होतं. तसं काही वाटलं नाही. चक्क रडू आलं, आणि मी गॅलरीत तुळशीकडे तोंड करून उभा राहिलो. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, सूर्य मावळायला अर्धा तास आहे, ताटं वाढलीयत.

त्या दिवशी मी सहा भाकऱ्या खाल्ल्या. कुणी मोजल्या नाहीत, म्हणून मीच सांगतो.

पुण्याला आल्यावर

सोमवारपासून माझं नवं काम सुरू झालं. पेज फॉल्ट घरी, सुट्टीच्या दिवशी. ओळखीपाळखीतून मी जुनी लहान यंत्रं गोळा केली. कुणाच्या दुकानातलं बिल छापणारं, कुणाच्या शाळेत धूळ खात पडलेलं. आमच्या हॉलमध्ये त्यांची रांग लागली. आईनं नागपूरहून व्हिडिओ कॉलवर ती बघून विचारलं, की भंगाराचा धंदा काढलास का. त्यांतल्या दोन यंत्रांवर आणखी एक-एक दोष निघाला. तेही निस्तरले. चार महिन्यांनी मी आठवी आवृत्ती पाठवली, आणि लहान यंत्रांबद्दलच्या ओळीच्या जागी यंत्रांची यादी दिली, तीत दूध संस्थेचा डबा पहिला. बाईंचं उत्तर एका शब्दाचं होतं, "चालेल." टपालयादीवरच्या एका गृहस्थांनी मला खासगीत कळवलं, की अठरा वर्षांत त्यांना हा शब्द मिळालेला नाही.

कर्नेलच्या जगात प्रत्येक बदलाखाली, तो कुणी तपासून बघितला त्याचं नाव कायमचं लिहिण्याची रीत आहे. मी बाईंना विचारून तिथे सर्जेराव खराडे असं नाव घातलं. बदल आत गेला. आता जगात जिथे जिथे ते नवं कर्नेल जाईल, तिथे त्याच्या इतिहासात ते नाव असणार. मी मोठ्या कौतुकानं त्या पानाचं चित्र सर्जेरावांच्या फोनवर पाठवलं आणि मग फोन लावला.

त्यांनी बराच वेळ चित्र मोठं करून बघितलं असावं, कारण फोनवर नुसता मफलर घासल्याचा आवाज येत होता.

"पावणं, नाव चुकलंय की."

मी हादरलो. कुठे, म्हणून विचारलं.

"इंग्रजीत शेवटाला तुमी ओ घातलायसा. माझ्या आधार कार्डावर व्ही हाय. सर्जेराव. व्ही."

मी सांगितलं, की एकदा आत गेलेली नोंद आता कुणालाच बदलता येत नाही. मला नाही, अक्कांना नाही, ज्यांनी कर्नेल जन्माला घातलं त्यांनाही नाही. जगभर त्याच्या प्रती गेलेल्या असतात. मी माफी मागितली, पुन्हा मागितली. पलीकडून कुणीतरी काट्यावर किटली ठेवल्याचा आवाज आला, आणि लगेच चिठ्ठी निघाल्याचा.

"असू दे वो," सर्जेराव म्हणाले. "त्ये बदलत न्हाय म्हनताय, तर उद्या तालुक्याला जाऊन आधार कार्ड बदलून घेतो."